बाळाला घ्यायला पुष्कळ असतात

सोसायटीत किंवा शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणाकडे सून बाळंत व्हायची वेळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुम्ही सुनेचे पहिले बाळंतपण बोरिवलीच्या एवढ्याशा घरात केलेत, तर घरच्यांनी नेमके करायचे तरी काय असते?" पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, परंतु सुनेच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया साताऱ्याला नुकतीच झालेली असल्यामुळे ते माझ्याकडे आले. तुम्ही विचारलेत म्हणून आधी हे कबूल करते की पहिला आठवडा माझे चुकलेच.

मी बाळाला घेऊन बसत असे. आंघोळ घालणाऱ्या मावशी नऊ वाजता येऊन गेल्या की शेकलेला, पावडर लावलेला नातू दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर येई आणि आल्यागेल्याला मी सांगत असे की दिवसभर मीच सांभाळते. घरी आल्यानंतरच्या सहाव्या रात्री, अडीचच्या सुमारास, पाणी प्यायला उठले तेव्हा सून खिडकीच्या ग्रिलमध्ये लंगोट वाळत घालत होती. एक हात सिझेरियनच्या टाक्यांवर दाबून धरलेला, चिमटा दातांत, आणि दुसऱ्या हाताने ती नाड्या सोडवत होती. "मशीनला टाकायचे होतेस, सकाळी झाले असते," असे मी म्हटले. ती काही बोलली नाही. घरात एकही कोरडा लंगोट उरलेला नाही, हे तिला ठाऊक होते आणि दिवसभर बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या मला ठाऊक नव्हते.

म्हणून माझे उत्तर असे की बाळाला घ्यायला पुष्कळ असतात, तुम्ही बाळंतिणीच्या हातातले काम घ्या. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते, एकेका वेळेला अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि हे काम दुसरे कोणी करू शकत नाही. साहजिकच तिची झोप दोन-अडीच तासांच्या तुकड्यांत होते. उरलेले सगळे, म्हणजे ढेकर काढणे, लंगोट बदलणे, धुणे, स्वयंपाक, औषधांच्या वेळा आणि दारावरची बेल, इतरांचे. तेही "काही करू का गं?" असे न विचारता, कारण अशा विचारण्याला ती "नको आई" असेच म्हणणार.

माझा मुलगा खासगी कंपनीत आहे. आईला प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, आणि खासगीत कंपनी देईल ती. त्याला पाच दिवस मिळाले. साडेसातला निघून चर्चगेटहून रात्री आठनंतर परतणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा करायची, असे मलाही वाटत होते. मात्र रात्री दहा ते एकची पाळी त्याने घेतली: बाळ पिऊन झाले की ते त्याच्या खांद्यावर, आणि सून कूस बदलून झोपलेली. पहाटे पाचपासून मी. आमच्या वेळी पुरुष लंगोटाला हात लावत नसत, हे वाक्य माझ्या तोंडावर अनेकदा आले आणि मी ते गिळले.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचेच काम, कारण सुनेने नाही म्हटले तर ती उद्धट ठरते. "दूध पुरते ना?" हा प्रश्न तर मी दारातच थोपवत असे. बारशाच्या आधीच एका नातलगाने दुधाच्या पावडरचा डबा आणून ठेवला होता. ज्या मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारी पेढी, सुरू झाली, तिथे शिकलेल्या घरांतूनही आईच्या दुधावर इतका अविश्वास असावा, याचे मला नवल वाटते. चीक थोडाच येतो आणि तेवढाच पुरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते. सुरुवातीला घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसभरात सहा वेळा शू केली की मी कॅलेंडरवर खूण करत असे, आणि शंका आलीच तर नातलगांना न विचारता डॉक्टरांना विचारत असे.

जुन्यातले काय ठेवले, हेही विचारता. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि शेपूची भाजी ठेवली. बंद खोलीतली कोळशाची शेगडी सोडली. फ्लॅटमध्ये तो धूर जायला वाट नसते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको म्हटल्यावर गुटीची सहाण धुऊन माळ्यावर गेली, आणि त्याचे मला वाईट वाटले.

रडण्याबद्दल मात्र सावध राहा. पहिल्या काही दिवसांत बाळंतिणीला कारण नसताना रडू येते आणि ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. तेव्हा "आता कशाला रडतेस, सगळे छान झाले ना" असे म्हणू नये, जवळ बसावे. त्यापुढेही उदासी टिकली, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर दृष्ट काढत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

सव्वा महिना झाल्यावर मी मुद्दाम चार दिवस बहिणीकडे नाशिकला गेले, कारण मी घरात असेपर्यंत मुलगा मध्येच माझ्याकडे बघत असे. परत आले तेव्हा ओट्यावर दुधाची पातेली तशीच होती आणि कपाटात लंगोटांच्या घड्या उलट्या, नाड्या बाहेर लोंबत असलेल्या. सगळे धुतलेले, कोरडे. सून आतल्या खोलीत झोपली होती. मी पातेली घासली. घड्यांना हात लावला नाही.