समारोप नाही

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला बसलं, की पहिल्या दहा पेपरांतच यंदा वर्गात कुठलं गाइड खपलंय ते मला कळतं. मराठीची कृतिपत्रिका 80 गुणांची, त्यातलं उपयोजित लेखन 24 गुणांचं, आणि लेखनकौशल्याचा शेवटचा प्रश्न 8 गुणांचा. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी काहीही एक लिहायचं. आत्मकथनाला मी या वेळी 'एसटी बस' दिली होती. आमच्याकडची निम्मी पोरं रोज एसटीनंच येतात. निदान चार ओळी तरी स्वतःच्या लिहितील, अशी आशा.

47 पैकी 31 जणांनी तो विषय घेतला. बहुतेकांची सुरुवात "होय, मी एसटी बोलतेय!" लगेच जन्म: 1 जून 1948, पुणे ते अहमदनगर. तारीख बरोबर आहे, पहिली एसटी त्याच दिवशी त्याच रस्त्यानं धावली. पण मग बोलणारी ही गाडी पंच्याहत्तरी उलटूनही रोज घाट चढतेय, हे एकालाही खटकलं नाही. पुढे प्रवाशांवर एक परिच्छेद, फाटक्या सीटांवर एक, आंदोलनात खाल्लेल्या दगडांवर एक, आणि शेवटी "मला जपा, मी तुमचीच आहे." प्रस्तावना आहे, मध्य आहे, समारोप आहे. मी 6 देत गेलो.

एका मुलीला मात्र मी 4 दिले आणि लाल पेनानं लिहिलं, 'समारोप नाही'. तिची गाडी मुक्कामी होती. सात वर्षं कपाळावर एकाच गावाची पाटी. रात्री ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपतात, कुणीतरी भाकरी आणून देतं. पहाटे गाडी चालू होईना म्हणून गावातली माणसं ढकलतात, मुली पास दाखवत चढतात. पावसाळ्यातल्या एका सकाळी ओढ्यावर पाणी येतं, ड्रायव्हर खाली उतरतो, काठी घालून बघतो आणि परत येऊन बसतो. कंडक्टर स्वतःच्या मोबाइलवरून शाळेत फोन लावतो, "पोरींचा पेपर जरा थांबवा." आणि शेवटचा परिच्छेद असा: डेपोत गाडी धुतली, दुसऱ्या दिवशी काचेमागे दुसऱ्याच गावाची पाटी लावली. संपलं. मला वाटलं, वेळ पुरला नसेल.

शनिवारी जोडतास होता. निबंधाची रचना शिकवायची म्हणून मी दोन निबंधांच्या झेरॉक्स काढल्या, नावं झाकून. एक 6 वाला, एक तिचा. प्रत्येक परिच्छेद कात्रीनं वेगळा केला, पट्ट्या पाकिटांत घातल्या आणि सहा गटांना सांगितलं, क्रम लावा. माझा अंदाज होता की पहिला पटकन लागेल आणि दुसऱ्यात पोरं अडकतील. मग समारोप का हवा ते फळ्यावर मांडायचं.

पहिल्या निबंधाचे सहा गटांनी पाच वेगळे क्रम लावले. पहिली आणि शेवटची पट्टी सगळ्यांची जागेवर. मधल्या पट्ट्या मात्र कुणाचे दगड आधी, कुणाच्या सीटा आधी. पाचही मी मोठ्यानं वाचले. एकातही काही बिघडलं नाही, आणि तेच मला बोचायला लागलं. ज्याचा मध्य पत्त्यांसारखा पिसता येतो, त्याला मी वर्षानुवर्षं 'मांडणी चांगली' म्हणत आलोय.

तिच्या निबंधाचा क्रम पाच गटांनी अगदी सारखा लावला. सहाव्या गटानं डेपोची पट्टी सगळ्यात वर चिकटवली. वर्गात दंगा. "अरे, धुतली शेवटी ना!" त्या गटातला एक पोरगा, एरवी तासाला तोंड न उघडणारा, उभा राहिला. म्हणाला, "सर, नवीन पाटी लागल्यावर तिला जुनं गाव आठवतंय. म्हणून ते आधी."

मी तसं वाचून पाहिलं. चाललं की! पण वेगळं झालं. पाटी वर घेतली तर गाडी रडवी होते. खाली ठेवली तर ती काहीच बोलत नाही, आपल्यालाच पोटात कसंतरी होतं. पहिल्या ओळीतली पाटी शेवटी बदलली, हे मला पेपर तपासताना दिसलंच नव्हतं. मी 'समारोप' नावाचा परिच्छेद शोधत होतो.

पाच गटांचा क्रम बरोबर की सहाव्याचा, यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं. ती मुलगी दुसऱ्या बाकावर खाली मान घालून स्वतःचीच पट्टी डिंकानं चिकटवत होती.

गुण मी 4 चे 7 केले. ती स्टाफरूममध्ये आली आणि तिनं नेमका नको तो प्रश्न विचारला. "सर, बोर्डात समारोप लिहू की नको?" तिकडे तपासणाऱ्यासमोर पेपरांचा गठ्ठा असतो, एकेका निबंधाला किती वेळ मिळतो ते मला माहीत आहे, मीही जातो तपासायला. तिला खोटं सांगवेना. म्हटलं, "लिही. एखादी ओळ."

ती तिथेच उभ्या उभ्या पेन काढून लिहून गेली: 'धुताना माझ्या चाकांतून त्याच ओढ्याचा चिखल निघाला.'

आता हा समारोप म्हणायचा का, हे मी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि चहा पुढे सरकवला.