आमची वाटचाल : ऑर्डरच्या वहीतला शेवटचा रकाना

आमच्या तंबोऱ्यांच्या ऑर्डरच्या वहीत नाव, गाव, पट्टी (गाणाऱ्याच्या ‘सा’ची उंची), भोपळ्याचा घेर, तारा आणि त्या जिच्यावर टेकतात ती घोडी असे रकाने आहेत. सगळ्यात शेवटचा रकाना ‘गाणं’ असा आहे. तंबोरा करायला देणाऱ्याच्या मनात लहानपणी जे गाणं घर करून बसलं, ते तिथे लिहायचं. नवीन गिऱ्हाईक हा रकाना बघून जरा बावचळतं, मग हसतं आणि बोलायला लागतं. आमचा धंदा तीन पिढ्या टिकला त्यात या रकान्याचा वाटा मोठा आहे असं मी मानतो, म्हणून वाटचाल लिहायला बसल्यावर पहिल्यांदा त्याचीच आठवण झाली.

मिरजेत तंतुवाद्यांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालतं. तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार हे मूळचे कारागीर. हत्यारांचं काम ओसरलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्या हुन्नरी माणसांनी हात वाद्यांकडे वळवला, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला आणि पुढे गल्लीच्या गल्ली सतार-तंबोऱ्यांची झाली. माझे आजोबा अशाच एका मोठ्या कारखान्यात हाताखाली शिकले आणि नंतर स्वतःच्या ओसरीवर काम सुरू केलं. वडिलांनी शेजारची खोली घेतली. आता मी आणि धाकटा भाऊ बघतो, सोबत मोजके कारागीर. कारखाना आम्ही मुद्दामच वाढवला नाही.

मिरज जंक्शनचा आम्हाला फार फायदा झाला. पुण्याची, कोल्हापूरची, हुबळी-धारवाडची, पंढरपूरची गाडी इथेच बदलायची. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ असला की गवई मंडळी गावात येत. कुणाला तार बदलायची असे, कुणाच्या खुंट्या सैल झालेल्या असत, कुणाला नुसतंच टेकायचं असे. शिवाय उरुसाच्या दिवसांत मिरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. त्या दिवसांत आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. माझं गाण्याचं शिक्षण कुठल्याही वर्गात झालेलं नाही, ते या ओसरीवर कानावर पडलेल्या गप्पांतून झालं.

त्या गप्पांत एक विषय हमखास निघतो: तुला कुठल्या गाण्यानं या वाटेला लावलं? पंडित भीमसेन जोशींची हकीकत तर प्रत्येक उरुसात कुणी ना कुणी सांगतोच. गदगचा शाळकरी पोरगा, कानावर पडलेली खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी, आणि मग 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात सोडलेलं घर. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी! ही गोष्ट कितीदा ऐकली तरी माझ्या अंगावर काटा येतो, कारण ज्यांचं ते गाणं ते आमच्या गावात राहिलेले. खाँसाहेब तंबोऱ्याच्या बाबतीत फार काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात चालायचा, हे आजोबा अभिमानानं सांगत.

एका उरुसात धारवाडकडचे एक वयस्कर ख्यालगायक, पंढरपूरकडचे एक भजनी बुवा आणि पुण्याची एक तरुण गायिका असे तिघं एकाच वेळी ओसरीवर होते. गायिकेनं सांगितलं की तिच्या आजोळी गीतरामायणाच्या रेकॉर्ड लागायच्या. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे ती छप्पन्न गाणी लागली, तेव्हा तिची आजी रेडिओला हार घालायची म्हणे. ख्यालगायक म्हणाले, “माझं गाणं ‘नाथ हा माझा’. यमन पुढे गुरुजींनी शिकवला, पण यमन आहे हे कळायच्या आधी तो बालगंधर्वांनी माझ्यात ठेवून दिला होता.” हे पद ज्यातलं ते ‘स्वयंवर’ नाटक 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. तेवढ्यात भजनी बुवा म्हणाले, “आमच्यात कुणा एकाचं गाणं नसतं माऊली. दिंडीत शेकडो माणसं एकच चाल म्हणतात, तीच अंगात मुरते.”

मग वाद रंगला. गाणं घडवतं ते शब्दांनी की सुरांनी? गायिका शब्दांच्या बाजूनं, ख्यालगायक अर्थातच सुरांच्या. वडील कानस बाजूला ठेवून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही तिघं पूर्ण गाणं नका म्हणू. त्यातली तुमची जागा, मनात रुतलेला तो तुकडा, तेवढी म्हणा.” तिघांनी म्हटली. कुणी मुखड्यावर परत येतानाची, कुणी अंतऱ्यातल्या तार षड्जावरची, बुवांनी तर चढीवर सगळी दिंडी आवाज लावते ती. कुणालाच आठवावं लागलं नाही. माझंही मत तेव्हापासून पक्कं झालंय की माणूस अख्ख्या गाण्यानं घडत नाही, गाण्यातल्या एखाद्या जागेनं घडतो. पुढची पन्नास वर्षं तो तीच जागा वेगवेगळ्या रागांत शोधत असतो.

हे सगळं तंबोरा करणाऱ्याला कशाला हवं, असं कुणी विचारेल. उत्तर जवारीत, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घडणीत आहे.

घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि मूळ स्वरासोबत वरचे स्वर फुलतात. खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार (‘ग’) आपोआप ऐकू यायला लागला की समजायचं जवारी जमली. हा उतार कानशीनं काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. नंतर तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा पकडायची. केसाएवढा फरक झाला तरी आवाज पार बदलतो. जवारी खुली ठेवायची की थोडी बंद, आस, म्हणजे तारेची रेंगाळणारी गुंज, किती लांब ठेवायची, याचं माप कुठल्याही फूटपट्टीवर मिळत नाही. गवई ते तोंडानं सांगू शकत नाही, पण त्याला घडवणारी जागा तो म्हणतो तेव्हा सगळं कळतं. स्वरावर थांबणारा गळा असेल तर भरपूर आस लागते, एक झंकार विरायच्या आत दुसरा त्यात मिसळला पाहिजे. तानेत रमणाऱ्याला तीच आस अडचणीची होते, त्याला आटोपशीर आवाज हवा असतो. वडिलांनी म्हणून हा रकाना सुरू केला.

एकदा कोकणातली एक ताई आली. बायकांचा तंबोरा म्हणजे काळी चार नाहीतर पाच (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून मोजलेली उंची), असं धरूनच ती काळी पाचचा मागत होती. भावानं सवयीप्रमाणे गाणं विचारलं. ती लाजली, म्हणाली, आमच्याकडे गाणंबिणं नव्हतं, आजी जात्यावर ओव्या म्हणायची तेवढंच. “मग ओवीच म्हणा की.” तिनं डोळे मिटून म्हटली आणि आवाज त्याहून खालच्या काळी तीनवर असा काही बसला, की पॉलिश करणारा पोरगाही थांबून बघायला लागला. तिच्यासाठी आम्ही घेर थोडा मोठा घेऊन काळी तीनचा तंबोरा केला. आजही ती त्यावरच गाते आणि तिच्या शिष्या आमच्याकडेच येतात.

दिवस सगळेच चांगले गेले असं नाही. 1980 नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघर पोचला, आता तर तो मोबाईलमध्येच आलाय. रियाजापुरता तंबोरा घेणारं गिऱ्हाईक एकदम कमी झालं आणि गल्लीतल्या कित्येक पोरांनी दुसरं काम धरलं. हस्तिदंत आणि सांबरशिंग कायद्यानं बंद झालं, ते योग्यच झालं, पण हाडाच्या आणि शिसवी घोडीवर तसा आवाज काढायला आम्हाला नव्यानं हात बसवावा लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा मोठ्या घेराचा भोपळाही पावसावर अवलंबून. एखादं साल बिघडलं की आमचंही बिघडतं. चांगला भोपळा आणि मुरलेलं तुणाचं लाकूड यांत आम्ही पैसे अडकवून ठेवतो, त्याला इलाज नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उपयोग दिसतोय. नाव शोधत लोक येतात, परदेशातली मराठी मंडळीही विचारणा करतात. त्यांना प्रत्यक्ष येणं जमत नाही, मग भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याच आवाजात ते गाणं मागवतो. पेटीशिवाय, तंबोऱ्याशिवाय, कोरा आवाज. न्यू जर्सीच्या एका आजोबांनी शाळेतली प्रार्थना पाठवली होती. त्यांचा तंबोरा आम्ही तीवरच लावला.

नवीन तंबोरा हवा असेल तर शक्यतो सकाळी लवकर या, रस्त्यावरची वर्दळ सुरू व्हायच्या आत. हाताशी दोन तास ठेवा. पट्टी ठरवून आला नसाल तरी चालेल, ती आपण इथे बघू. जुना तंबोरा असेल तर तोही आणा, बहुतेकदा नवी घोडी आणि नीट जवारी एवढ्यावर काम भागतं आणि तसं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो. आणि येताना शेवटच्या रकान्याचा विचार करून या. दोन गाणी असतील तरी हरकत नाही, दोन्ही म्हणा.