वहीत आधी, कॉम्प्युटरवर नंतर

केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे छोटे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले. त्यांत आपली शाळा होती, हे आमच्या पिढीचे भाग्यच. यंत्रे मोजकी, मुले भरपूर. एकेका यंत्राची मेमरी ३२ केबी, आणि प्रोग्रॅम साठवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर.

गणिताच्या सरांकडे ती खोली होती. त्यांचा नियम एकच: प्रोग्रॅम आधी वहीत चालवून दाखवा, मग कीबोर्डला हात लावा. नववीत त्यांनी आम्हाला अशोकचक्र काढायला सांगितले. स्क्रीनची मापे आडवी १२८०, उभी १०२४. म्हणजे मध्य ६४०, ५१२. आरे २४, म्हणून दर १५ अंशांना एक रेघ. आम्ही वहीत तीन रकाने आखले: कोन, आडवे अंतर, उभे अंतर. लॉगटेबल उघडून कोसाइन आणि साइन काढायचे, त्रिज्या ३००ने गुणायचे, मध्यात मिळवायचे. शून्य अंशाला ९४०, ५१२. नव्वदला ६४०, ८१२. चोवीस ओळी भरल्या तेव्हा कुठे सर म्हणाले, "बस गं आता कॉम्प्युटरवर."

चक्र उमटले. मग सरांनी मुद्दाम प्रोग्रॅममधला 'रॅड' हा शब्द खोडायला लावला. आरे कुठे दाट, कुठे विरळ! कॉम्प्युटर कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात वाचतो आणि 'रॅड' अंशांचे रेडियन करून देतो, हे आम्ही पाठ केले नाही, डोळ्यांनी पाहिले. चालणारा प्रोग्रॅम मोडून दाखवणारा असा शिक्षक मला पुढे भेटला नाही.

पुढे पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. पहिल्या नोकरीत ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या छोट्या चिपवर, असेम्ब्ली या थेट चिपच्या सूचनांच्या भाषेत काम करायचे होते. त्याच्या आत रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, १२८ बाइट. बाकीच्यांना ती फार तोकडी वाटे. मला मात्र रकाने आखून प्रत्येक बाइटचा हिशेब मांडायची सवय शाळेतच लागली होती. नंतरची बरीच वर्षे गाड्यांच्या डॅशबोर्डचे सॉफ्टवेअर लिहिण्यात गेली, आजही तेच करते.

आता हाताखाली असते ती एआरएमची चिप. बीबीसी मायक्रोवरची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन यांनीच पुढे स्टीव्ह फर्बर यांच्याबरोबर एआरएम प्रोसेसर घडवला, आणि १९८५ मध्ये पहिली चिप चालू होण्याआधी त्याची रचना बीबीसी बेसिकमध्येच तपासून पाहिली होती. हे कळले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. आपण शाळेत जी भाषा गिरवली, तिच्यात आज जगभरच्या मोबाइलमध्ये असलेल्या प्रोसेसरची जुळवाजुळव झाली!

टीममध्ये नवी मुले येतात. हुशार असतात, टायपिंगही भराभर. दोष सापडत नसला की मी त्यांना कागद देते आणि रकाने आखायला लावते. सुरुवातीला कुरकुरतात. पण बहुतेकदा दोष कागदावरच सापडतो.

या महोत्सवी वर्षात शाळेच्या प्रयोगशाळेत नववीच्या मुलांसाठी दर शनिवारी दुपारी मी प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेणार आहे. पहिला धडा अशोकचक्राचाच. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शिकवायला यावेसे वाटेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव द्यावे. येताना चौकटीच्या वह्या आणल्या तर उत्तम, मुलांना लागतील.