मावशीच्या पंख्याचा ब्रॅकेट : सातव्या नगापर्यंत

मागच्या नोंदीत भट्टी पेटली, एवढंच सांगून थांबलो होतो. मधल्या दीड महिन्यात सात नग ओतले. पाच परत मुशीत गेले, एक मी मुद्दाम करवतीनं कापला आणि एक सोलापूरच्या बाळीवेशीत मावशीच्या घरी तुळईवर बसलाय.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मावशीचा भिंतीवरचा पंखा ऐन मे महिन्यात खाली आला. पंख्याला काही झालं नाही, पण त्याला धरणारा ब्रॅकेट बोल्टाच्या भोकापाशी कट्कन तुटला. सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाजारात तसा मिळेना, म्हणून म्हटलं आपणच ओतू.

आधी तुटका तुकडा नीट पाहिला. हातात घेतला की आकाराच्या मानानं जड लागतो. सगळे तुकडे गोळा करून वजन केलं : २१२ ग्रॅम. मोजपात्रात बुडवले तर पाणी ३२ मिली वर चढलं. भागाकार ६.६ च्या आसपास, म्हणजे जस्ताची मिश्रधातू, झामॅक. अॅल्युमिनियम असतं तर २.७ आलं असतं. झामॅकमध्ये जस्ताबरोबर सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम असतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं ती १९२९ मध्ये काढली, आणि नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं. साधारण ३८५ अंशांना वितळते, म्हणून कारखानदारांची लाडकी. साचे लवकर झिजत नाहीत, बारीक नक्षीसुद्धा उठते.

तुटलेला चेहरा भिंगाखाली धरला तर कडेला अर्धा मिलिमीटर घट्ट कातडी आणि आत सुईच्या टोकाएवढी भोकं. डाय कास्टिंगचा हा स्वभावच आहे. पोलादी साच्यात धातू प्रचंड दाबानं, डोळ्याची पापणी लवायच्या आत घुसतो. साच्याला टेकलेला थर लगेच गोठून घट्ट होतो, पण आत अडकलेली हवा तिथंच राहते. म्हणून असा नग फार खोल कातायचा नाही. कातडी गेली की चाळण उघडी पडते. वेल्डिंगलाही हात लावायचा नाही, तापवला की आतली हवा फुगून फोड येतात.

कारखान्यात दोन तऱ्हेची मशिनं असतात. जस्तासाठी हॉट चेंबर, त्यात दट्ट्या थेट वितळलेल्या धातूतच बुडालेला असतो. अॅल्युमिनियमला तसं चालत नाही, ते लोखंड खातं, म्हणून कोल्ड चेंबर : भट्टीतून पळीनं धातू घ्यायचा, नळकांड्यात ओतायचा आणि मग दट्ट्या मारायचा. मशीन 'इतक्या टनांचं' म्हणतात ते साच्याचे दोन भाग आवळून धरायचं बळ. आपला ब्रॅकेट १० बाय ८ सेंटिमीटर, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ४०० किलो दाब धरला तर साचा उघडायला ३२ टन जोर लागतो. त्यात रनर (धातू आत नेणारा चर), ओव्हरफ्लो (जादा धातू जायचा खिसा) आणि थोडी सूट धरली तर ५०-६० टनांखाली भागत नाही. एवढ्याशा ब्रॅकेटसाठी! माझ्याकडे अर्थातच टनही नाही आणि दट्ट्याही नाही. मी करतोय ते ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग, पोलादी साच्यात धातूच्या स्वतःच्या वजनानं ओतायचं.

माल म्हणून भंगारातले स्कूटरचे पिस्टन घेतले. पातेली, डबे वितळवू नका, मंडळी. भांड्याचं अॅल्युमिनियम जवळजवळ शुद्ध, ते साच्यात धड पळत नाही. पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर, त्यामुळे धातू पातळ वाहतो आणि गोठताना कमी आकसतो.

पहिला नग. साचा उघडला, नग बाहेर येईना. भोकांसाठी दोन सरळ पिना ठोकल्या होत्या, गोठताना धातू आकसून त्यांना मिठी मारून बसला. हातोडीनं काढला तर दोन तुकडे. बाहेरच्या भिंतीपासून नग आकसून सुटतो, आतल्या पिनांवर मात्र आवळतो. म्हणून आतल्या बाजूला उतार जास्त लागतो. हे मला वाचून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. पिना काढून लेथवर दोन अंश निमुळत्या केल्या.

दुसरा, तिसरा. साचा थंड. धातू अर्ध्या वाटेत गोठला, तिसऱ्यात तर दोन प्रवाह समोरासमोर येऊन न सांधता तसेच राहिले, मधे केसासारखी रेघ. आता साचा गॅसवर २२० ते २५० अंशांपर्यंत तापवतो, आत रॉकेलच्या दिव्याची काजळी धरतो आणि ७१० अंशांना ओततो.

याच दिवशी एक चूक झाली. पळी तापवायला विसरलो. तिच्यावरच्या ओलाव्याची मुशीत बुडताक्षणी वाफ झाली आणि धातूचे दोन थेंब छतापर्यंत उडाले. तोंडावर शील्ड होती म्हणून हे लिहितोय. पळी, चिमटा, भर टाकायचा तुकडा, सगळं आधी भट्टीच्या कडेला कोरडं करून घ्या.

चौथा नग दिसायला देखणा. मूळ ब्रॅकेट अडीच मिलिमीटरचा होता आणि तुटला, म्हणून मी हिशोब न करता १२ मिलिमीटर जाड केला होता. वजन २९० ग्रॅम. मिरवत अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाय करणाऱ्या अण्णांकडे नेला. आधी मागाचे सुटे भाग आणि नंतर डाय, यातच त्यांचा जन्म गेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नग कानाशी धरून नखानं वाजवला.

"कशाला ओ एवढं जाड?"

"मजबूत पाहिजे ना, अण्णा."

"मग काप की मधनं."

कापला. बरोबर पोटात, जिथं पंखा धरणारा कान सपाट पाटीला मिळतो तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी आणि भोवती बारीक भोकं. जाड भाग शेवटी गोठतो. भोवतालचा पातळ भाग आधी गोठून वाट बंद करतो आणि आकसणाऱ्या पोटाला धातू मिळत नाही. वर वितळलेल्या अॅल्युमिनियमनं हवेतल्या दमटपणातून घेतलेला हायड्रोजन गोठताना बाहेर पडतो, तोही तिथंच जमतो. म्हणजे मी जाडी वाढवून नेमक्या ताणाच्या जागी भगदाड करून ठेवलं होतं.

मूळ ब्रॅकेटही पातळ होता म्हणून तुटला नव्हता. अण्णांनी तुटका तुकडा फिरवून आतला कोपरा दाखवला. धारदार, काटकोनी, गोलाईचं नाव नाही. पंखा मान हलवतो, प्रत्येक हेलकाव्याला ताण त्या कोपऱ्यात जमतो. तिथनं बारीक चीर निघाली आणि वर्षानुवर्षं सरकत भोकापर्यंत गेली. तुटलेल्या चेहऱ्याचा कोपऱ्याजवळचा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, उरलेला चकचकीत दाणेदार. काळपट म्हणजे जुनी चीर. मी भिंगानं भोकंच मोजत बसलो होतो.

आता साचा बदलायचा. इथं एक गंमत आहे. साच्यातलं लोखंड काढता येतं, घालता येत नाही, मग नग पातळ कसा करणार? अण्णांनी साच्याचे दोन भाग जिथं टेकतात तो सांध्याचा चेहराच मिलिंगवर सात मिलिमीटर छाटला, खोली आपोआप १२ ची ५ झाली. मग कानापासून पाटीच्या कडेपर्यंत दोन तिरप्या रिबांचे (आधाराच्या पातळ कण्यांचे) चर पाडले, चार मिलिमीटर रुंद, म्हणजे पाटीपेक्षा थोडे कमी, नाहीतर सांध्यावर पुन्हा जाड गाठ तयार होते. कोपऱ्यांना तीन मिलिमीटर गोलाई दिली. रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, कानाच्या डोक्यावर आणला, शेवटी गोठणाऱ्या जागेला वरून भर मिळावी म्हणून.

पाचव्यात एक रिब अर्धीच भरली. चराच्या टोकाला हवा कोंडली होती, तिथं कानसीच्या कोपऱ्यानं कागदाएवढी वाट काढून दिली. सहाव्यात भोकांमधलं अंतर चुकलं. ७५ हवं होतं, मी आकसण्यासाठी एक मिलिमीटर वाढवून ७६ ठेवलं होतं, नग निघाला ७५.६ चा. पिनांनीच धातूला आकसू दिलं नाही. एका पिनेची जागा हलवली.

सातवा : १५० ग्रॅम. चौथ्याच्या जवळपास निम्मा.

बसवायच्या आदल्या रात्री पडवीत खुंटीला बोल्टनं आवळून मंगळवेढ्याच्या ज्वारीचं ३० किलोचं पोतं टांगलं. पंखा सहा किलोचा. सकाळी गोलाईवर पेट्रोलमध्ये कालवलेला लाल रंग लावून पुसला, चीर असती तर रेघ दिसली असती. नव्हती.

मावशीचं घर माळवदाचं, भिंत दगड-मातीची. तिथं रॉल प्लग धरत नाही, म्हणून सागाच्या तुळईत आरपार बोल्ट घातले, मागे रुंद वॉशर. पंख्याच्या बाजूला अॅल्युमिनियममध्येच आटे पाडलेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला बारा मिलिमीटर आटे मिळावेत म्हणून तेवढ्यापुरता बॉस, म्हणजे भोकाभोवतीचा उंचवटा, उंच ठेवलाय. पोलादात निम्म्यात भागलं असतं.

आठ दिवसांनी पाना लावून पाहिला. पंख्याकडचे बोल्ट जागचे हलले नव्हते, तुळईकडचा एक पाव फेरा सैल झाला होता. लाकूड दबलंय. स्प्रिंग वॉशर घातला. मावशी खालून म्हणाली, "आता देवघरातल्या पंख्याचा पण कर, तो पण कुरकुर करायलाय." त्याचा कान डावीकडे आहे, म्हणजे साचा उलटा लागणार. पोलादाचा ठोकळा कापायला दिलाय.