गावठी कट्टा आला कुठनं, हे कुणी शेवटपर्यंत विचारत का नाही

परवा वकिलांकडून चार्जशीटची कॉपी मिळाली. माझ्या क्लासला चार वर्षांपूर्वी दहावीला असलेला मुलगा, आता १९ वर्षांचा आहे, त्याला उन्हाळ्यात कात्रजच्या बाजूला पोलिसांनी धरलं, कमरेला देशी बनावटीचं पिस्टल आणि खिशात २ जिवंत काडतुसं. त्याची आई धनकवडीत तीन घरी पोळ्या करते. त्या रात्री ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, आत या म्हणलं तरी येईना, "मॅडम, उद्या कोर्टात नेणारेत म्हणं त्याला, तुम्ही चला ना संगं, मला तिथलं काय समजत न्हाई." मलाही तिथलं काही समजत नव्हतं, पण गेले.

हा मुलगा गणितात यथातथाच होता पण भूमितीच्या आकृत्या इतक्या सुबक काढायचा की मी त्याची वही दुसऱ्या मुलांना दाखवायचे. त्याने पिस्टल घेतलं हे चूकच, त्याबद्दल मी एक शब्द सावरून घेणार नाही. कॉलेज सोडलं, मग इन्स्टावर कुणाशी तरी भांडण, मग त्या पोरांनी कोयते घेऊन गल्लीत चक्कर मारली, मग याला वाटलं आपल्याकडे "मशीन" पाहिजे. मशीन, सामान, घोडा, पोरं असलेच शब्द वापरतात, पिस्टल कुणी म्हणत नाही. आणि ते त्याला मिळालं, एका बऱ्यापैकी मोबाईलच्या किमतीत, हप्त्याहप्त्याने पैसे देऊन.

तर पहिल्या दिवशी कोर्टात पोलिसांनी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागितली, त्या कागदात कारणं लिहिली होती, त्यातलं पहिलंच कारण असं की सदरचे हत्यार आरोपीने कोठून व कोणाकडून आणले याचा तपास करणे आहे. मला फार बरं वाटलं ते ऐकून. म्हणलं चला, निदान देणाऱ्यापर्यंत तरी पोचतील. वकील तेव्हा काही बोलले नाहीत, नंतर चहाला म्हणाले की मॅडम हे वाक्य प्रत्येक रिमांडमधे असतं.

आणि परवाच्या चार्जशीटमधे काय आहे? मध्य प्रदेशातील अनोळखी इसमाकडून. बास. एवढंच. मुलाचं नाव, आईचं नाव, पत्ता, आधार, पंचनामा, पिस्टलची लांबी सेंटिमीटरमधे, सगळं आहे, आणि ज्याने ते बनवलं आणि ज्याने ते पुण्यापर्यंत आणलं तो अनोळखी इसम. पिस्टलवर एका बाजूला मेड इन यूएसए असा शिक्का मारलेला आहे असं पण पंचनाम्यात लिहिलंय. भट्टीवर बनवलेल्या मालावर असे शिक्के सर्रास मारतात म्हणे, भाव जास्त येतो. खरा नंबर मात्र कुठेच नाही, त्यामुळे ते कुठल्या रजिस्टरमधे सापडणार नाही.

मी त्यानंतर आर्म अ‍ॅक्ट नीट वाचून काढला, वकिलांना फोन करून करून त्रास दिला. कायदा कमजोर आहे असं मला आधी वाटायचं पण तसं नाहीये. १९५९ चा कायदा आहे, २०१९ मधे त्यात मोठी दुरुस्ती झाली. बिनलायसन्सचं हत्यार नुसतं जवळ बाळगलं तरी कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५. विनापरवाना बनवलं किंवा विकलं तर ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि बेकायदा तस्करी हा तेव्हा वेगळा गुन्हा केला, त्याला १० वर्षांपासून जन्मठेप. लग्नात हवेत गोळीबार केला तरी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड. म्हणजे कागदावर सगळ्यात कडक शिक्षा बनवणाऱ्याला आणि पोचवणाऱ्याला आहे, आणि ती बरोबरच आहे. पण ती लावायची कुणाला? अनोळखी इसमाला? चार्जशीटमधे नावच नसेल तर जन्मठेपेचं कलम पुस्तकातच राहतं आणि २ ते ५ वर्षांचं कलम पोळ्या करणाऱ्या बाईच्या पोराला लागतं.

वकिलांनी अजून एक गोष्ट सांगितली ती मला माहीतच नव्हती, की हत्यारं आणि दारूगोळा हा विषय घटनेतल्या केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे महाराष्ट्र स्वतःचा आर्म अ‍ॅक्ट सहजासहजी करू शकत नाही. पण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्याचे आहेत. त्याच जोरावर आपण १९९९ मधे मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, केला आणि तो इतका चालला की पुढे दिल्लीनेही तो उचलला. त्यात टोळीवर दहा वर्षांत एकापेक्षा जास्त चार्जशीट असावी लागतात, मग १८० दिवसांपर्यंत चार्जशीटला मुदत मिळते, जामीन अवघड होतो. म्हणजे राज्याला मनात आणलं तर करता येतं हे दिसलेलंच आहे.

अमेरिकेचं उदाहरण देते, कारण माझा चुलतभाऊ शिकागोजवळ राहतो आणि आम्ही यावर फोनवर तासभर बोललो. त्याच्या इलिनॉय राज्यात नियम कडक, बंदूक घ्यायला आधी राज्य पोलिसांचं कार्ड लागतं, २०२३ च्या जानेवारीपासून असॉल्ट रायफलींच्या विक्रीवर बंदी आहे. पण शेजारी इंडियाना, तिथे नियम सैल, २०२२ पासून तर जवळ पिस्तूल घेऊन फिरायला परवाना पण लागत नाही, आणि शिकागोत पकडलेल्या कितीतरी बंदुका तिथनंच आलेल्या निघतात. तो म्हणाला, "अगं आमच्याकडे राज्याची हद्द म्हणजे रस्त्यावरची एक पाटी." पण त्यांच्याकडे एक आहे, बंदूक कारखान्यातली असल्यामुळे तिच्यावर नंबर असतो, पोलीस तो नंबर घेऊन पहिल्या दुकानापर्यंत मागे जाऊ शकतात. आपल्याकडे नंबर नाही. म्हणजे आपल्याकडे माणसांना विचारत विचारतच मागे जावं लागणार, आणि नेमकं तेच अर्ध्यात सोडून दिलं जातं.

आणि आपली इंडियाना कुठेय हे काय गुपित आहे का? पुण्यात पिस्टल पकडल्याची बातमी वाचली की त्यात उमर्टी हे नाव वारंवार येतं. मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात आहे, आणि त्याच नावाचं गाव अलीकडे आपल्या जळगावच्या चोपडा तालुक्यात पण आहे, मधे नदी. २०२५ च्या फेब्रुवारीत हत्यारं विकणाऱ्याला पकडायला गेलेल्या आपल्या पोलिसांवर तिथे हल्ला झाला, एका पोलिसाला उचलून हद्दीपलीकडे नेलं आणि काही तासांनी तो सुटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधे पुणे पोलिसांचं मोठं पथक थेट उमर्टीत गेलं, भट्ट्या मोडल्या, कित्येक जणांना ताब्यात घेतलं. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता, कारण पुण्याचे पोलीस एवढ्या लांब मुळापर्यंत गेले. पण एकदा जाऊन भागणार नाही. भट्टी म्हणजे काय, चार विटा, कोळसा, भाता आणि हात. तिथले शिकलगार लोक पिढ्यानपिढ्या शस्त्रं घडवणारे, पूर्वी राजेरजवाडे त्यांच्याकडून तलवारी करून घ्यायचे, त्या हातांना दुसरं काम मिळालं नाही तर भट्टी परत पेटणार. त्या सगळ्या समाजाला गुन्हेगार म्हणणं मला अजिबात पटत नाही, पण तिथनं निघालेला माल इकडे कुणाच्या जिवावर उठतो हे पण डोळ्याआड करता येत नाही.

५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात भर दुपारी गोळ्या. १ सप्टेंबर २०२४ ला रात्री नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकरांवर गोळ्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरमधेच परत नाना पेठ, इमारतीच्या पार्किंगमधे एक कॉलेजात जाणारा पोरगा. प्रत्येक वेळी आपण टोळी कुठली, बदला कशाचा हे चघळत बसतो. मी पण बसते, खोटं कशाला बोलू. पण हत्यार कुठनं आलं ही बातमी पाचव्या दिवशी आतल्या पानावर येते आणि मग येतच नाही.

कोर्टातून निघाल्यावर त्या दिवशी मी आणि त्याची आई चालतच शनिवार पेठेतल्या स्टॉपकडे निघालो, ओंकारेश्वराच्या पुलावरून. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना तिथेच गोळ्या घातल्या. २०२४ च्या मे महिन्यात निकाल लागला, दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, आणि खरे सूत्रधार यात सापडलेच नाहीत असं कोर्टानेच म्हणलं. ती बाई माझ्याबरोबर चालत होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं आणि मी पण सांगितलं नाही, तिच्या डोक्यात आधीच पुष्कळ होतं. पण मला दरवेळी त्या पुलावर आवाज बारीक करावासा वाटतो.

मला सगळ्यात जास्त काडतुसांचं नवल वाटतं. माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत ३१ वर्षं होते, भोंगा वाजला की आमच्या घरात हालचाल सुरू व्हायची. ते घरी कामाचं फार बोलायचे नाहीत पण एक नेहमी सांगायचे, की आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, आणि मोजणीत एक राऊंड जरी कमी आला तरी तो सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. एक राऊंड! कट्टा भट्टीवर बनतो, ठीक आहे, पण आतली टोपी, दारू, पितळी केस असलेलं चांगलं काडतूस कुठल्या भट्टीवर बनतं? ते कुठल्यातरी कारखान्यातून, कुठल्यातरी दुकानातून, कुणाच्यातरी लायसन्सवरच निघालेलं असणार. लायसन्सवर किती काडतुसं घ्यायची तो आकडा असतो, दुकानदाराचं रजिस्टर असतं. पिस्टलला नंबर नसेल पण काडतुसाच्या बुडावर खुणा असतात. त्या खुणांवरून मागे का जात नाहीत? चार्जशीटमधे त्या २ काडतुसांबद्दल एक ओळ आहे, जिवंत, चालू स्थितीत.

म्हणून मला वाटतं राज्याने कायदा करायचाच असेल तर शिक्षा अजून वाढवायचा करू नये, ती पुरेशी आहे. मागे जाणं सक्तीचं करणारा करावा. पकडलेल्या प्रत्येक हत्याराची आणि काडतुसाची उगमाची वेगळी चौकशी, ठराविक मुदतीत, वरिष्ठाच्या सहीने, आणि अनोळखी इसम लिहायचं असेल तर त्याआधी काय काय केलं ते लेखी. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि पलीकडचे जिल्हे मिळून कायमचं पथक, छाप्यापुरतं नाही. आणि दरवर्षी विधानसभेत आकडा ठेवा, इतकी पकडली, इतक्यांचा विकणारा सापडला. सुप्रीम कोर्टाने २०२३ मधे बिनलायसन्सच्या हत्यारांचा विषय स्वतःहून हातात घेतला, अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही हे पण तिथे स्पष्ट म्हणलं. म्हणजे तिकडे जी हक्काची मोठी आडकाठी आहे ती आपल्याला नाहीच.

अजून एक, बालन्याय कायद्यात, २०१५ च्या, कलम ८३ आहे, लहान मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. पुण्यात कोयता घेऊन पकडलेली पोरं १५-१६ ची असतात, सामान पोचवायला त्यांनाच पाठवतात, आणि या कलमाचं नाव मी आजवर एका पण बातमीत वाचलं नाही. रील टाकणारं पोरगं पकडलं, त्याची माफी मागतानाची रील आली, संपलं. रीलसाठी हातात पिस्टल कुणी दिलं?

काल मी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. साधे तीन प्रश्न आहेत. गेल्या ५ वर्षांत पुणे शहरात किती देशी पिस्टलं जप्त झाली, त्यातल्या किती गुन्ह्यांत विकणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव चार्जशीटमधे आहे, आणि किती गुन्ह्यांत काडतुसांच्या उगमाचा तपास झाला. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं, स्पीड पोस्टाने पाठवतेय. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आलं की इथे जसंच्या तसं टाकीन.

त्याच्या आईला फोनवर वाचून दाखवला अर्ज. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मॅडम, त्यो देणारा माणूस आमच्या गल्लीत दोनदा आलता. मी चेहरा वळखते. मला कुणी इचारलंच न्हाई." मी वकिलांना लगेच फोन लावला. शनिवारी तिला घेऊन त्यांच्याकडे जातेय.