तुम्ही विचारलंत म्हणून: पाचपैकी शून्य

वाचनालयाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना मला हा प्रश्न विचारलेला आहे : "बाई, तुम्ही एवढं वाचता, मग ऐतिहासिक कादंबरीचं नाव निघालं की गप्प का होता?" 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला आणि त्यानंतर तर विचारूच नका. ज्यांनी दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नाही, त्यांनाही माझं मत हवं होतं. मत म्हणजे तरी काय, तर बाई आपल्या बाजूच्या की पलीकडच्या, एवढंच.

आजवर ठरलेली उत्तरं दिली. "वेळ होत नाही हो." "डोळ्यांना जाड पुस्तक झेपत नाही." दुसरं तर धडधडीत खोटं. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड मी दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात काढते आणि गणपती येईपर्यंत पुरवते. तेव्हा आता एकदाच सांगून टाकते. पटलं नाही तर निदान दाताच्या खुर्चीत तरी विचारू नका.

माझी पहिली तक्रार भाषेची. ऐतिहासिक कादंबरीत कुणालाच साधं बोलता येत नाही. पाणी मागायचं तरी मुजरा आणि उपमा. मावळा असो की मुत्सद्दी, सगळे एकाच नाटक मंडळीतले वाटतात. आमच्याकडे घाटावरून बदलून आलेला तलाठी आणि खाडीपलीकडची कोळीण एकमेकांशी बोलायला लागली तर दोन मिनिटं नुसतं "काय? काय?" चालतं. तीनशे वर्षांपूर्वी त्या सगळ्यांची भाषा एक कशी झाली? दुसरी तक्रार बायकांची. त्या कादंबऱ्यांतल्या बायका ओवाळतात, डोळे पुसतात आणि वेळ आली की सती जातात. तांदूळ संपले म्हणून कुणी कपाळाला हात लावलाय, असं एक पान दाखवा.

तिसरी तक्रार मात्र आमच्या किनाऱ्याची आहे, आणि ती मी सोडणार नाही. माझी सगळी नोकरी विजयदुर्गाच्या आसपासच्या एका शाळेत गेली. मराठी आणि इतिहास. 1756 च्या फेब्रुवारीत याच खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. तोफा इंग्रजांच्या, पण त्यांना तुळाजी आंग्र्यांवर आणलं होतं पेशव्यांनी. कान्होजींनी उभं केलेलं आरमार असं एका दुपारीत गेलं. आता तुम्ही मला शनिवारवाड्यातल्या समया, कारंजी आणि शालजोड्यांची वीस-वीस पानं वाचायला देता, आणि मला त्या पानांत जळक्या लाकडाचा वास येतो. त्याला मी काय करू?

हे सगळं खरं आहे. पण हे कारण नव्हे, हेही खरं आहे. सोळाव्या वर्षी मी 'स्वामी', माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, वाचून हुंदके देऊन रडले होते. थेऊरच्या त्या शेवटाला आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. आणि तेव्हा मी विजयदुर्गाच्या हाकेच्या अंतरावरच राहत होते. जळक्या लाकडाचा वास तेव्हा नव्हता आला. तो नंतर, बी.एड. झाल्यावर आला. म्हणून माझ्याच मतांवर माझा फारसा विश्वास नाही.

तर कारण. 1994 ची सहामाही. सातवीचा इतिहासाचा पेपर, पाच गुणांचा प्रश्न : संभाजी महाराज संगमेश्वरला कसे पकडले गेले, सविस्तर लिहा. धड्यात होतं तेवढं मुलांनी लिहिलं : 1689, मुकर्रबखान, कोल्हापूरच्या बाजूनं घाट उतरून अचानक छापा, सोबत कवी कलश. सहा ओळी, पाच गुण, पुढचा पेपर. त्यात एक पेपर आला अडीच पानांचा.

मुलगा गाबीतवाडीतला, मासेमारांच्या वस्तीतला. वडील तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, स्वतःची होडी, डोक्यावर कर्ज. पोरगा वर्गात मागं बसायचा, अंगाला सुकटाचा वास यायचा म्हणून पोरं जरा सरकूनच बसत. (आणि मी? मी खिडकीशी उभं राहून शिकवत असे. लिहिते आता, लपवून काय करू?) त्यानं वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी नेली होती आणि महिनाभर परत केली नव्हती, हे मला माहीत होतं, कारण दंडाचे पैसे मीच भरले होते. कोणती कादंबरी ते सांगत नाही. त्या विषयावर मराठीत एकाहून जास्त आहेत, आणि नाव घेतलं की लोक लेखकाची बाजू घेऊन घरी येतात.

त्या अडीच पानांत सगळं होतं. पहाटेचं धुकं, घोड्यांच्या तोंडचा फेस, कवी कलशांचं एक लांबलचक वाक्य, जे पोरानं बहुधा पाठ केलं होतं. आणि शेवटी दहा-बारा ओळी अशा होत्या, मला त्या अजून जवळजवळ तशाच आठवतात : संगमेश्वर शास्त्री नदीवर आहे. तेव्हा गलबतं संगमेश्वरपर्यंत येत. भरती असती तर महाराज मचव्यात बसून जयगडच्या अंगाला गेले असते आणि घोडेवाले काठावर बघत राहिले असते. म्हणून त्या वेळी सुकती (ओहोटी) असणार. त्या दिवशी तिथी कोणती होती ते कळलं तर सांगता येईल.

मी लाल पेनानं शून्य दिलं. बाजूला लिहिलं : "इतिहास लिही. गोष्टी नकोत." तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पेपर वाटताना मी तो वर्गात वाचून दाखवला, कवी कलशांचं वाक्य जरा नाटकी आवाजात. पोरं हसली. भरतीच्या ओळींना तर जास्तच हसली, कारण मी म्हटलं, "महाराजांना हा आपल्या होडीत घालून बांगड्याला नेतोय." वर्गात अर्धी पोरं गाबीतवाडीचीच. तीही हसली. तो उभा होता, शर्टाच्या खालच्या बटणाशी खेळत. मान वर केली नाही. मी म्हटलं, बस. बसला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वडिलांच्या होडीवर खलाशी कमी पडत होता, असं वाडीतली पोरं म्हणाली. त्या वाडीतून दरवर्षी दोन-तीन पोरं अशी जायची, कुठल्याही शून्याविना जायची. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते सांगताना जीभ अडखळत नाही.

उलट मी त्या प्रसंगाचा किस्सा केला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, संमेलनात, कुठंही. "कादंबरी वाचून मुलांचं काय होतं बघा, एकानं चक्क भरती-ओहोटी घातली!" हमखास हशा. 2003 च्या मे महिन्यात मला एका व्याख्यानाला बोलावलं, विषय 'इतिहास आणि कादंबरी'. म्हटलं, या वेळी पुराव्यासकट बोलू. ती कादंबरी विकत आणली, भरतीची ओळ नेमक्या कुठल्या पानावर आहे ते टिपून घ्यायला.

नव्हती.

संगमेश्वरचं प्रकरण दोनदा वाचलं. मग मागचं-पुढचं वाचलं. मग चार दिवस खर्चून सगळं पुस्तक. धुकं होतं, फेस होता, कवी कलशांचं वाक्य शब्दाला शब्द होतं. भरती नव्हती. मचवा नव्हता. तिथी तर नव्हतीच. पेपरांच्या त्या अख्ख्या गठ्ठ्यात एका पोरानं इतिहासाचा एक खरा प्रश्न विचारला होता, नदीला पाणी होतं का, आणि मी तो कादंबरीतला समजून त्याला शून्य दिलं होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हिशोब ठाऊक असतो : तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. मलाही ठाऊक होता. पण इतिहासाच्या तासाला तो वापरायचा असतो, हे मला सुचलं नव्हतं.

व्याख्यानाला गेले नाही. ताप आला म्हणून कळवलं.

तर तेव्हापासून ऐतिहासिक कादंबरी हातात धरली की मला ते शर्टाचं बटण दिसतं. एवढंच आहे. भाषा, बायका, शनिवारवाडा, या सगळ्या माझ्या खऱ्या तक्रारी आहेत, पण त्या मी पुढं उभ्या केलेल्या आहेत.

यावर एक हुशार वाचक मला म्हणाले, "म्हणजे तुमच्या गोष्टीतून कादंबरीच जिंकली की! तिनंच त्या पोराला विचार करायला लावलं." असेल. मग तिच्यात ती भरती का नव्हती? आठशे पानं लिहिणाऱ्याला घोड्याच्या नाकपुड्या दिसतात आणि बंदराला लागलेलं पाणी दिसत नाही, याला मी काय म्हणू? 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. ती मी तीनदा वाचली, कादंबरी एकदा. त्या प्रस्तावनेत एक माणूस प्रश्न विचारत सुटलाय. मला वाचायचं असतं ते हे. पण पुन्हा, सातवीतला पोरगा प्रस्तावना वाचून रात्रभर जागला असता का? नसता. मीही सोळाव्या वर्षी प्रस्तावनेवर रडले नसते.

मग तुम्ही म्हणाल, आजच्या कादंबऱ्या वाचता त्या कशा चालतात? चालतात, पण फार मान डोलावू नका. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, म्हणून त्यांच्या दापोलीकडच्या वाटा पायाखालच्या वाटतात. खानोलकर वाचले की आठवडाभर तिन्हीसांजेला एकटं मागच्या पडवीत जाववत नाही. प्रवीण बांदेकरांचं 'चाळेगत' वाचताना आपल्याच गावची माणसं आपल्याच भाषेत भांडताना ऐकू आली. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा मी उगाचच शेजारी पेढे वाटले. पण एकूण कोकणातली कादंबरी अजून खोताच्या ओटीवरून उठायला तयार नाही. माड, देवचार, भाऊबंदकी, मुंबईची मनिऑर्डर. मोठ्या यांत्रिक जाळ्यांचे पर्ससीनवाले आणि काठावरून जाळं ओढणारे रापणवाले यांच्यात समुद्रात काय चाललंय, एलईडीच्या उजेडात रात्री कोण काय उपसून नेतं, जून-जुलैच्या बंदीत खलाशाच्या घरी चूल कशी पेटते, ते जाडजूड पुस्तकात मला अजून सापडायचंय. आणि खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचं वतन, रद्द करणारा कायदा 1949 चा. 'तुंबाडचे खोत' आली 1987 ला. मग ती आजची कादंबरी की ऐतिहासिक? तलवार नाही म्हणून मी तिला आपल्या बाजूला घेतली, दुसरं काय?

गेल्या ऑक्टोबरात जेटीवर गेले होते. लिलाव आटपत आला होता. तो अडीच पानांवाला पोरगा आता स्वतः तांडेल आहे, केस पिकलेत. मला बघून पाटीतले चार बांगडे पिशवीत टाकले, पैसे घेईना. मला काय झालं कुणास ठाऊक, तिथंच, बर्फाच्या पाण्यात उभं राहून, मी म्हटलं, "तुझ्या त्या पेपरातली भरती पुस्तकात नव्हती रे. मी बघितलं."

तो हसला. "पुस्तकात खय आसतली, बाई? ती बापाशीक इचारलंलंय. म्हटलंय, राजाक होडयेन पळान जावक येयत काय? तर तो म्हणालो, 'तिथ खयची ती सांग आदी.'"

सही करायलाही न येणारा त्याचा बाप. पोरानं कादंबरी वाचून बापाला विचारलं, आणि बापानं इतिहासाचं साधन, पुरावा मागितला. मी काही बोलणार तेवढ्यात त्याला कुणीतरी डिझेलच्या पैशांसाठी हाक मारली. "शाळा तुमच्यामुळं सोडूक नाय हां," जाता जाता म्हणाला. मी तसं विचारलं नव्हतं. मग ते त्याच्या मनात कुठून आलं?

दिवाळीत त्याची मुलगी आली, आठवीतली. बाबांनी पाठवलंय, म्हणाली, वाचायला पुस्तक द्या. मी तिच्यापुढं दोन-तीन ठेवली, आजच्या लेखकांची, बारकी, चांगली. तिनं चाळली, ठेवली, आणि कपाटातल्या त्या जाडजूडाकडं बोट दाखवलं. 2003 ची माझी प्रत. समासात पेन्सिलीनं पानोपानी मारामारी केलेली : "कशावरून?", "खोटं", "पुन्हा समया!"

म्हटलं, उद्या ये. रात्री रबर घेऊन बसले. दोन तास लागले, टेबलावर रबराचा हा ढीग. एकूण एक शेरा खोडला. संगमेश्वरच्या पानावर खाली कोपऱ्यात एकच शब्द होता, तो राहू दिला : "तिथी?"