भाड्याच्या घरात सोलर: न्यू जर्सीतला हिशेब

एडिसन किंवा जर्सी सिटीत भाड्याने राहणाऱ्यांचं छप्पर स्वतःचं नसतं, म्हणून सोलर आपल्यासाठी नाही असं बरेच जण धरून चालतात. कम्युनिटी सोलर त्यांच्यासाठीच आहे. पॅनेल कुठल्यातरी गोदामाच्या छतावर किंवा बंद झालेल्या कचरा डेपोवर असतात. वीज ग्रिडमध्ये जाते आणि तुमच्या वाट्याच्या युनिटांचं क्रेडिट तुमच्या बिलातून वजा होतं. मीटर तोच, वायरिंगला हात नाही. मात्र प्रकल्प तुमच्याच वीज कंपनीच्या हद्दीत हवा. पीएसई अँड जीच्या ग्राहकाला जेसीपी अँड एलच्या हद्दीतला चालत नाही.

2023 साली मंजूर झालेल्या राज्याच्या कायमस्वरूपी कम्युनिटी सोलर योजनेत किमान 15 टक्के सूट सक्तीची आहे. पण ती क्रेडिटवर, अख्ख्या बिलावर नाही. 100 डॉलरचं क्रेडिट बिलातून वजा झालं तर त्याचे 85 सोलर प्रकल्पाला भरायचे, 15 वाचले. गॅसचं बिल त्याच कागदावर येत असलं तरी त्याला यातलं काही लागू नाही.

खरी गोम वाट्याच्या आकारात आहे. महिन्याला सरासरी 400 युनिट, म्हणजे वर्षाला 4,800 लागत असतील, तर साधारण 4 किलोवॅटचा वाटा पुरतो. त्यातून जूनमध्ये 500 च्या आसपास युनिट येतील, डिसेंबरमध्ये त्याच्या निम्मेही नाहीत. उन्हाळ्यात उरलेलं क्रेडिट पुढच्या महिन्यांत वळतं होतं, पण वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना घाऊक दरच मिळतो. एजंट मोठा वाटा गळ्यात मारायला बघतो. त्याला बारा महिन्यांची बिलं दाखवून वाटा गरजेपेक्षा थोडा कमीच घ्या.

नाव नोंदवल्यावर पहिलं क्रेडिट दिसायला काही महिने जातात. नोंदणीवरचं नाव किंवा खाते क्रमांक बिलाशी जुळत नसेल तर ते अडकूनच पडतं. (बिल नवऱ्याच्या नावावर आणि अर्ज बायकोच्या, हा नेहमीचा घोळ.) करारात तीन गोष्टी बघा: सोडताना दंड आहे का, नोटीस किती दिवसांची, आणि घर बदललं तर वाटा नव्या पत्त्यावर नेता येतो का.

दारावर येऊन ‘बिल दाखवा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. त्यातले बरेचसे सोलरवाले नसून वीजपुरवठादार बदलून देणारे असतात. तो करार वेगळा, त्यात सवलतीची हमी नसते आणि सुरुवातीचा स्वस्त दर पुढे वाढूही शकतो.